‘कोन्तो’ला हिशेब म्हणा

मागच्या अंकात इटलीतल्या खानावळींबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते: ‘कोन्तो म्हणजे बिल, पण या शब्दाला बिल म्हणून सोडून देऊ नका.’ त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल थोडं. नवरा मोटारींच्या कारखान्यात अभियंता. रांजणगावहून त्यांची उत्तर इटलीतल्या तोरीनोला (इंग्रजीत ट्युरिन) बदली झाली आणि आम्ही तिथे अकरा वर्षं राहिलो. परत आल्यापासून मी पुण्यात इटालियन शिकवते. माहेर कोल्हापूर. वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांचा उल्लेख पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पुढच्या महिन्यात मुलाकडे मिलानोला चाललो आहोत. मोबाइलवर ‘कोन्तो’ या शब्दापुढे बिल, खातं, गणित, अंदाज असे सहा-सात अर्थ दिसतात. आम्हा दोघांना हॉटेलात आणि दुकानात पुरेल इतकंच सांगा. आणि उच्चार ‘कोंटो’च ना?
— एक दांपत्य, नाशिक

कोंटो नाही, कोन्तो. ‘ताक’ या शब्दातला त. इंग्रजांना हा त जिभेवर आणायला महिने लागतात, आपल्याला तो आईकडून मिळालेला आहे. इंग्रजीच्या सवयीने आपण त्याचा ट करून टाकतो, तेवढं टाळा. शब्द पुल्लिंगी आहे: एक असेल तर ‘इल कोन्तो’, अनेक असतील तर ‘ई कोन्ती’.

हॉटेलात जेवून झालं की वेटरकडे बघून म्हणा, ‘इल कोन्तो, पेर फावोरे’. हे म्हणावंच लागतं. तोरीनोतल्या पहिल्या महिन्यात आम्ही एका छोट्या खानावळीत जेवण संपल्यावर पाऊण तास बसून होतो. मुलगी माझ्या मांडीवर झोपली, शेजारची दोन टेबलं रिकामी झाली, पण बिल काही येईना. मला वाटलं, आपल्याकडे दुर्लक्ष होतंय, आणि वाईटही वाटलं. पुढे शेजारणीने समजावलं की न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला ‘आता उठा’ म्हणण्यासारखं. टेबल तुमचं आहे, तुम्ही मागाल तेव्हाच ते येणार. बिलावर ‘कोपेर्तो’ नावाची रक्कम दिसली तर दचकू नका. ती माणशी घेतात, ब्रेड आणि टेबलाच्या मांडामांडीची.

आता खरी अडचण. आपण सगळ्याला बिल म्हणतो. हॉटेलचं बिल, विजेचं बिल, दुकानदाराने दिलेलं बिल, कंपनीचं बिल. इटालियनमध्ये यांतलं फक्त पहिलं ‘कोन्तो’. विजेचं, गॅसचं, पाण्याचं ते ‘बोल्लेत्ता’. व्यापाऱ्याचं रीतसर बिल म्हणजे ‘फात्तूरा’. आणि दुकानात किंवा बारमध्ये गल्ल्यावर मिळणारा कागदाचा तुकडा म्हणजे ‘स्कोन्त्रीनो’. दिसायला हा शब्द कोन्तोचा भाऊ वाटतो, पण नात्यातला नाही. स्टेशनावरच्या आणि गर्दीच्या बारमध्ये बहुधा आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, स्कोन्त्रीनो घ्यायचा आणि तो काउंटरवर दाखवून कॉफी मागायची. तिथे ‘इल कोन्तो’ म्हणालात तर माणूस बुचकळ्यात पडेल.

मुलाच्या मित्रांबरोबर जेवायला गेलात आणि कोणी ‘आल्ला रोमाना’ म्हणालं, तर बिल डोक्यांनी भागून समान वाटायचं आहे. आणि बिल फार झालं तर इटालियन माणूस त्याला ‘सालातो’ म्हणतो, म्हणजे खारट. ‘उन कोन्तो सालातो’. तुम्हाला एवढं पुरेल. प्रवास सुखाचा होवो.

ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इटालियनचा ऑनलाइन वर्ग करते. ‘रेन्देर्सी कोन्तो’, ‘तेनेरे कोन्तो’, ‘फारे कोन्तो’, ‘पेर कोन्तो’ असे बारा वाक्प्रचार सरांनी पाठ करायला दिले आहेत. पाठ होतात आणि चार दिवसांत विसरतात. बिल या अर्थाशी त्यांचा मेळच बसत नाही. काही युक्ती आहे का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

मुली, तुझ्याच प्रश्नात उत्तर आहे. ‘मेळ बसत नाही’ असं तू लिहिलंस. हा रोजमेळातला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतला शब्द. कोन्तोला बिल म्हणायचं सोड आणि हिशेब म्हणून बघ. बारापैकी आठ-नऊ वाक्प्रचार तुला न पाठ करता येतील, कारण मराठीने तोच रस्ता धरलेला आहे.

‘तेनेरे’ म्हणजे धरणे. ‘तेनेरे कोन्तो दी’ म्हणजे हिशेबात धरणे. शब्दाला शब्द. ‘रविवारी दुकानं बंद असतात हे हिशेबात धर’ असं आई म्हणेल, आणि तोरीनोची बाई म्हणेल ‘तिएनी कोन्तो के दोमेनिका ए क्यूझो’. ‘ई कोन्ती नोन तोर्नानो’ म्हणजे हिशेब जुळत नाही. आकड्यांनाही आणि माणसांनाही. एखाद्याची गोष्ट ऐकून संशय आला की ते हेच म्हणतात. इथे ‘तोर्नारे’ म्हणजे परत येणे. मांडलेले आकडे बेरजेला परत घरी आले पाहिजेत. माझे वडील याला ‘ताळा’ म्हणायचे. रात्री कंदिलाशी बसून ताळा जुळला नाही तर पाच पैशांच्या फरकासाठी जेवण थांबायचं.

‘रेगोलारे ई कोन्ती’ म्हणजे हिशेब चुकता करणे, आणि गुंडांच्या बातमीत त्याला जो काळा अर्थ आहे तोही तसाच्या तसा. ‘दी नेस्सून कोन्तो’ म्हणजे खिजगणतीत नसलेला. आपल्या खिजगणतीतही गणतीच आहे बघ. ‘कोन्तो आल्ला रोवेश्शा’ म्हणजे उलटगणती. ‘मेत्तेरे इन कोन्तो’ म्हणजे आधीच हिशेबात घालून ठेवणे, गृहीत धरणे: ‘गाडीला दोन तास उशीर हिशेबात घाल.’ ‘इन फिन देइ कोन्ती’ म्हणजे सगळ्या हिशेबांच्या शेवटी, आपलं ‘शेवटी काय’.

‘फारे ई कोन्ती सेन्त्सा लोस्ते’ मला फार आवडतो. खानावळवाल्याला न विचारता हिशेब करणे. तुम्ही टेबलावर बसून बेरीज करा, पण रक्कम सांगणारा दुसराच आहे. बाजारात तुरी असताना घरात भांडणाऱ्यांना हा चपखल लागू पडतो.

‘फा कोन्तो’ मात्र मराठीत ‘समज’ होतो. ‘कोस्तेरा, फा कोन्तो, चेन्तो एउरो’. किती पडतील? समज, शंभर युरो. बाजारात, बसमध्ये, केशकर्तनालयात हे सारखं कानावर पडतं आणि पाठ्यपुस्तकात क्वचितच दिसतं.

आता ‘रेन्देर्सी कोन्तो’. अर्थ भान येणे, लक्षात येणे, उमगणे. बहुतेक सगळे इथेच अडतात, मीही अडले होते. आधी ‘रेन्देरे कोन्तो’ घे, म्हणजे हिशेब देणे. दिवाणजी मालकाला देतो तो. त्याला जोडून आपला ‘जाब’ येतो: ‘नोन देवो रेन्देरे कोन्तो आ नेस्सूनो’, मी कोणाला जाब देणं लागत नाही. इटालियन बायबलमध्ये लूकच्या सोळाव्या अध्यायात धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून म्हणतो, ‘रेन्दी कोन्तो’, कारभाराचा हिशेब दे. आता त्याला ‘सी’ लाव. ‘सी’ म्हणजे स्वतःला. रेन्देर-सी कोन्तो: स्वतःचा स्वतःला हिशेब देणे. इटालियन भाषेत भान येणं म्हणजे हे.

मला हे वर्गात कळलं नाही. आमच्या तिथल्या सातव्या वर्षी वडील गेले. फोन रात्री आला. विमान मिळेपर्यंत, मुंबईहून कोल्हापूर गाठेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. पंधरा दिवसांनी मी परत तोरीनोला आले आणि रोजची कामं करू लागले. मुलीचा डबा, भाजी, इस्त्री. रविवार आला की हात आपोआप फोनकडे जायचा, कारण रविवारी सकाळी मी त्यांना फोन करायची. खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा जिन्यात भेटल्या. मी त्यांना सांगितलं की मला रडूही येत नाही, माझं काहीतरी चुकतंय. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘ची वुओले तेम्पो पेर रेन्देर्सेने कोन्तो.’ त्याला वेळ लागतो.

मी वर आले आणि दार लावून त्या वाक्याचा शब्दशः मराठी अर्थ मनात लावला: स्वतःला हिशेब द्यायला वेळ लागतो. डोळ्यांपुढे वडिलांची लाल कापडी बांधणीची वही आली. कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, त्याच दिवशी लिहून व्हायची, पण खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, नोंदी चढवायला ते अमावस्येपर्यंत घ्यायचे. घडलेलं आधी कीर्दीत येतं, खात्यावर मागाहून चढतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. तेव्हापासून हा वाक्प्रचार माझा झाला, आणि तोच पुढे शेकडो मुलांना शिकवला.

व्याकरण नीट बघून ठेव, परीक्षेत विचारतात. मराठीत ‘माझ्या लक्षात आलं’ म्हणताना कर्ता ती गोष्ट असते, आपण नुसते बसलेले असतो आणि गोष्ट चालत येते. इटालियनमध्ये कर्ता तू आहेस. म्हणून मराठीतून विचार करणारी मुलं ‘मला’ने सुरुवात करतात आणि वाक्य मोडतं. भूतकाळात सहायक क्रियापद ‘एस्सेरे’ आणि लिंगवचन कर्त्याप्रमाणे: मुलगी म्हणेल ‘मी सोनो रेसा कोन्तो’, मुलगा म्हणेल ‘मी सोनो रेसो कोन्तो’, आपण सगळे म्हणू ‘ची सियामो रेसी कोन्तो’, नुसत्या मुली असतील तर ‘रेसे’. बदलतो तो ‘रेसो’. ‘कोन्तो’ जागचा हलत नाही. पुढे नाम आलं तर ‘दी’, पूर्ण वाक्य आलं तर ‘के’. ‘त्याचं मला भान आलं’ असं एका दमात म्हणायचं तर ‘मे ने सोनो रेसा कोन्तो’. हे एक वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हण.

याच्या शेजारी ‘आक्कोर्जेर्सी’ राहतो. पाकीट घरी राहिलं हे बसस्टॉपवर लक्षात येतं ते आक्कोर्जेर्सी. आई म्हातारी झाली हे एके दिवशी उमगतं ते रेन्देर्सी कोन्तो. हल्ली इंग्रजीच्या प्रभावाने बरेच इटालियन इथे ‘रेआलिद्झारे’ वापरतात. ते चालतं, कोणी अडवणार नाही, पण माझ्या वर्गात मी त्याला मार्क देत नाही. ‘रेआलिद्झारे’चा घरचा अर्थ साकार करणे, प्रत्यक्षात आणणे हा आहे, आणि भान येण्यासाठी इतका सुंदर शब्दप्रयोग हाताशी असताना उसनं आणायची गरज मला दिसत नाही.

हिशेब हा शब्द दोन ठिकाणी तुला दगा देईल, तेही सांगते. ‘पेर कोन्तो मीओ’ म्हणजे माझ्या मते, किंवा माझा मी, एकट्याने. संदर्भ बघून ठरव. ‘विवो पेर कोन्तो मीओ’ म्हणजे मी स्वतंत्र राहते. आणि ‘सुल सुओ कोन्तो’ म्हणजे त्याच्याबद्दल, बहुतेक वेळा बरं न बोललेलं. ‘सुल सुओ कोन्तो सी दीकोनो तान्ते कोझे’: त्याच्या नावावर लोक बरंच काही बोलतात. इथे हिशेबापेक्षा खातं जवळचं. त्या माणसाच्या खात्यावर लोकांनी काय काय मांडून ठेवलंय, असं डोळ्यापुढे आण.

सप्रेम नमस्कार. मी बँकेत सदतीस वर्षं काढली. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत मांडणारी द्विनोंदी हिशेबपद्धती इटलीतून आली एवढं आम्हाला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. या ‘कोन्तो’ शब्दाचा आणि त्या इतिहासाचा काही संबंध आहे का? त्यात भारताचाही वाटा आहे असं ऐकतो.
— निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

संबंध आहे, आणि भारताचा वाटा पायाशीच आहे. तुमचं पत्र वाचून मला वडिलांशी बोलल्यासारखं वाटलं.

शब्दापासून सुरू करू. लॅटिनमध्ये ‘कोम्पुतारे’ म्हणजे मोजणे. त्यातलं ‘पुतारे’ मुळात शेतातलं, द्राक्षवेलीची छाटणी करणे. आजही इटालियनमध्ये छाटणीला ‘पोतारे’ म्हणतात. नको ते छाटून नीट करणे, मग नीट मोजणे, मग विचार करणे, असा त्याचा प्रवास झाला. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं समजावून सांगायला नको. या कोम्पुतारेचा इटालियनमध्ये ‘कोन्तारे’ झाला, त्यातून ‘कोन्तो’. इंग्रजीमार्गे आलेला आपला ‘कम्प्युटर’ही याच घरचा.

आता आकडे. पिसा शहरातला लेओनार्दो, ज्याला जग फिबोनाची म्हणून ओळखतं, लहानपणी उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात वडिलांकडे गेला. वडील तिथे पिसाच्या व्यापाऱ्यांचं जकातीचं काम बघत. तिथे तो भारतीय अंक शिकला. 1202 मध्ये लिहिलेल्या ‘लिबेर आबाची’ या ग्रंथात सुरुवातीलाच तो त्यांना भारतीयांचे नऊ अंक म्हणतो आणि जोडीला शून्याची खूण देतो. आपल्या शून्याचा अरबीत ‘सिफ्र’ झाला, लेओनार्दोने लॅटिनमध्ये ‘झेफिरुम’ केला, त्याचा पुढे इटालियन ‘झेरो’. रोमन आकड्यांत खतावणी घालून बघा, म्हणजे या नऊ अधिक एक खुणांनी काय केलं ते कळेल.

तरी त्या लगेच स्वीकारल्या गेल्या नाहीत. 1299 मध्ये फ्लोरेन्सच्या सराफ-पेढीवाल्यांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला बंदी घातली. अंक खोडून बदलणं सोपं, अशी भीती त्यामागे सांगितली जाते. ती भीती तुम्हाला समजेल. चेकवर रक्कम आपण अक्षरीही लिहितो ना.

द्विनोंदी पद्धत व्यापाऱ्यांनी वापरातून घडवली. तिच्यावरचं पहिलं छापील विवेचन 1494 मध्ये वेनिसला निघालं. लेखक लुका पाचोली, फ्रान्सिस्कन संन्यासी आणि गणिताचे शिक्षक. गणिताच्या मोठ्या ग्रंथातला तो एक भाग होता. त्यांनी तीन वह्या सांगितल्या आहेत. ‘मेमोरियाले’ ही कच्ची टिपणवही, ‘जोर्नाले’ ही रोजची, आणि ‘क्वादेर्नो’मध्ये खातेवार नोंदी. कच्ची वही, कीर्द, खतावणी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शाहूपुरीच्या अडतीत उभी आहे असं वाटलं. खात्याच्या दोन बाजूंना इटालियनमध्ये आजही ‘दारे’ आणि ‘आवेरे’ म्हणतात, म्हणजे देणे आणि असणे, आपलं नावे आणि जमा. द्विनोंदीला ‘पार्तिता दोप्प्या’.

पाचोली सांगतात की वहीच्या आरंभी क्रूस काढावा आणि देवाचं नाव घ्यावं. त्यांच्याही आधीचा प्रातो गावचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी, मृत्यू 1410, आपल्या वह्यांत लिहीत असे: ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावाने’. त्याच्या पाचशेहून जास्त वह्या आणि सुमारे दीड लाख पत्रं प्रातोमध्ये जपून ठेवलेली आहेत. माझे वडील लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर आधी ‘श्री’ लिहीत, मग ‘शुभ लाभ’. देव आणि नफा एकाच पानावर शेजारी मांडणारी माणसं दोन्हीकडे होती.

आणखी एक गोष्ट तोरीनोकर म्हणून सांगते. सरकारी जमाखर्च तपासणारी इटलीची संस्था आहे ‘कोर्ते देइ कोन्ती’, शब्दशः हिशेबांचं न्यायालय. आपल्याकडे महालेखापरीक्षक करतात तसं तपासणीचं काम, शिवाय न्यायनिवाड्याचाही अधिकार. ती 1862 मध्ये स्थापन झाली, आणि तेव्हा देशाची राजधानी तोरीनो होती.

आमच्या घरात आजोबांच्या वेळचे पोर्तुगीज शब्द अजून रेंगाळतात. पोर्तुगीज ‘कोन्ता’ आणि इटालियन ‘कोन्तो’ एकच का?
— एक वाचक, मडगाव

सख्खी भावंडं. आई तीच, कोम्पुतारे. पोर्तुगीजमध्ये ‘कोन्ता’ स्त्रीलिंगी आहे आणि त्याचा अर्थ हिशेब, खातं, बिल, शिवाय जपमाळेचा मणी. मणी ओढत प्रार्थना मोजायची, म्हणून तो कोन्ता. पोर्तुगीजमध्ये ‘कोन्तो’ही आहे, पण त्याचा अर्थ गोष्ट, कथा. तेव्हा तुम्ही इटलीतल्या हॉटेलात ‘कोन्ता’ मागितलीत तर ऐकणारा समजून घेईल, पण लिंग बदलायला विसरू नका.

मोजणे आणि सांगणे एकाच शब्दातून यावं याचं तुम्हाला नवल वाटेल. इटालियनमध्येही ‘कोन्तारे’ म्हणजे मोजणे आणि ‘राक्कोन्तारे’ म्हणजे गोष्ट सांगणे. कथेला म्हणतात ‘राक्कोन्तो’. एकामागून एक घटना मोजून समोर ठेवायच्या, म्हणजे गोष्ट. मराठीत दुःखाचा पाढा वाचतात, तेव्हा आपणही गणिताच्याच वहीतून सांगत असतो.

चाकणला आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका इटालियन कंपनीच्या कागदपत्रात ‘कोन्तो लावोरात्स्योने’ आणि ‘पेर कोन्तो दी’ असे शब्द आले आहेत. भाषांतर यंत्राने ‘कामाचे खाते’ असं दिलं.
— एक उद्योजक, पुणे

तुमच्या भाषेत ते जॉबवर्क. माल त्यांचा, प्रक्रिया तुमची, माल परत त्यांना. ‘पेर कोन्तो दी’ म्हणजे ‘च्या वतीने’, ‘च्यासाठी’. ‘कोन्तो तेर्त्सी’ दिसलं तर दुसऱ्यासाठी केलेलं काम. पो नदीच्या खोऱ्यात स्वतःची यंत्रं घेऊन दुसऱ्याच्या शेतावर नांगरणी-कापणी करणाऱ्यांना ‘कोन्तोतेर्त्सिस्ता’ म्हणतात. ‘कोन्तो वेन्दिता’ म्हणजे विकला गेला तरच पैसे, नाहीतर माल परत. आगाऊ रकमेला ‘आक्कोन्तो’, सवलतीला ‘स्कोन्तो’. हे दोन्ही शब्द कोन्तोच्याच घरचे, आणि एका अक्षराने पैसे येतात की सुटतात ते ठरतं. सही करण्याआधी दोनदा वाचा. बँकेच्या रकान्यात त्यांचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, अक्षरं-आकडे मिळून 27 खुणांचा आणि ‘आयटी’ने सुरू होणारा असला पाहिजे. खातं म्हणजे ‘कोन्तो कोर्रेन्ते’, खातेउतारा म्हणजे ‘एस्त्रात्तो कोन्तो’.

मी बोलोन्याला शिकते. घरमालकीण बाईंनी थंडीसाठी त्यांचा जुना लोकरी कोट दिला आणि म्हणाल्या, ‘त्येनिलो दा कोन्तो’. मला वाटलं, भाड्यात धरणार आहेत. विचारायचं धाडस झालं नाही. याचा अर्थ काय?
— एक विद्यार्थिनी, मूळची अमरावतीची

काही धरणार नाहीत. आजच जाऊन त्यांना मिठी मार.

‘तेनेरे दा कोन्तो’ हा उत्तर इटलीतल्या घराघरांतला प्रयोग. तोस्कानाकडे ‘तेनेरे दी कोन्तो’ म्हणतात. अर्थ: जपून वापर, जिवापाड सांभाळ. जी वस्तू मोजली जाते, जिची गणती ठेवली जाते, ती मोलाची. ‘तेनेरे कोन्तो दी’ आणि ‘तेनेरे दा कोन्तो’ यांत तो छोटा शब्द ‘दी’चा ‘दा’ होऊन पुढे आला की डोक्यातला हिशेब हातातल्या मायेकडे येतो. तुझा कोट त्यांनी बहुधा स्वतः तरुणपणी घातलेला असणार. परत करायची वेळ आली तर धुऊन, बटणं तपासून दे. आणि परत करायचा नसेल तर पुढे कधीतरी कोणाला देताना हेच शब्द म्हण.

जिन्यातल्या त्या आजींनी आम्ही निघालो त्या दिवशी मला त्यांची तीन कपांची मोका, म्हणजे गॅसवर ठेवायची कॉफीची किटली, दिली, अल्युमिनियमची, मूठ एका बाजूने जळलेली. लग्नात मिळाली होती म्हणाल्या. आणि मग हेच, ‘त्येनिला दा कोन्तो’. वस्तू स्त्रीलिंगी म्हणून ‘ला’. ती आता पुण्यात माझ्या गॅसवर आहे. आतली रबरी रिंग मी तीनदा बदलली आहे. साबण लावत नाही, नुसत्या गरम पाण्याने धुते. त्यांनी तसं बजावलं होतं.